आयत्या वेळचा रकाना

३ फेब्रुवारी

टिचू,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. पाकिटावर तुझं पूर्ण नाव आडनावासकट नीट घातलंय. आत तेवढं चालवून घे.

हे पत्र पूर्ण वाचलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. सात वर्षांत एक अक्षर लिहिलं नाही, आणि आता एकदम चार पानं वाच म्हणायचं, हे काही बरं दिसत नाही. शेवटचं पान मात्र बघ. त्यावर नुसते आकडे आहेत, आणि आकड्यांवर तुझा राग कधीच नव्हता.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणून वरचं कपाट रिकामं केलं, तेव्हा आईची ती निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. 'सहलीचा हिशोब'. तू आठ वर्षांची होतीस आणि आपण तिघं परदेशातल्या त्या थीम पार्कला जाणार होतो, तेव्हाची. विमान, खोली, तिकिटं, खाणं, आणि शेवटी आईचा लाडका रकाना, 'आयत्या वेळचं'. हा रकाना नसलेला हिशोब म्हणजे निव्वळ थापा, असं ती म्हणायची. मधल्या एका पानावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'आईचं तिकीट नको. तिला चक्कर येते. ती बाहेर बाकावर बसेल आणि बॅगा सांभाळेल.' खाली आईची सही आहे, मंजूर म्हणून.

मी तो हिशोब आजच्या भावाने पुन्हा मांडला आणि तो बसला. निवृत्त झालो तरी चार इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम माझ्याकडे आहे, आणि एकट्या माणसाला लागतं किती? शिवाय ते पार्क आता तुझ्या घरापासून गाडीने तीन तासांवर आहे. म्हणजे पार्क हललं नाही, तूच तिकडे गेलीस.

तर ऑक्टोबरमध्ये तीन दिवस. तू, जावईबापू, नात आणि मी. सगळ्यांचा खर्च माझा. मी तुझ्या घरी येणार नाही. फाटकापाशी भेटायचं, नातीला खेळ दाखवायचे, संध्याकाळी तुम्ही तुमच्या खोलीत, मी माझ्या. आईच्या आजारपणात जे राहून गेलं ते नातीच्या निमित्ताने पुरं करावं, एवढंच मनात आहे. सात वर्षांपूर्वी आई गेल्यावर तू पासबुक माझ्यापुढे धरून जे विचारलंस, त्याचं उत्तर या पत्रात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तू शोधत बसायला नकोस.

नातीला मी शेवटचं उचललं तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तिने माझ्या चष्म्याची काडी मोडली होती. काडी अजून तीच आहे, दोऱ्याने बांधलेली.

आता अडचण. जावईबापूंवर रागावू नकोस, पण गेल्या जूनमध्ये त्यांनी तिचा एक फोटो पाठवला. आत चिठ्ठी नाही, पाकिटावर छापील पत्ता. ती तुमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी उभी आहे. बटणांची ती पट्टी कोणत्या बनावटीची, हे मी बघताक्षणी ओळखलं. तिची लांबी मला पाठ आहे, तिच्यावरून पोरीची उंची काढली. एकशे बारा सेंटिमीटर. सातव्या वर्षी एकशे बारा म्हणजे हुबेहूब तुझ्यावर गेली. तूही अशीच टिचभर होतीस.

पार्कचा नियम असा की एकशे वीसच्या खाली अर्धं तिकीट, पण मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसू देत नाहीत. एकशे वीसच्या वर बसू देतात, पण तिकीट पूर्ण. माझ्या अंदाजाने ऑक्टोबरपर्यंत ती एकशे अठरापर्यंत जाईल, म्हणून अर्धं धरलंय. तेवढं एकदा मोजून कळव. बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बाबा


१९ मार्च

टिचू,

उत्तर आलं नाही. मी वाटही बघत नव्हतो असं लिहिणार होतो, पण मी दिवसातून दोनदा जिने उतरून टपालपेटी बघतो, हे खालची शिंपीणबाई सगळ्यांना सांगत सुटली आहे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहतो बिनलिफ्टच्या घरात, यावर तुझी आई हसायची. आता गुडघे हसतात.

सहल कंपनीच्या कचेरीत जाऊन आलो. तिथल्या मुलीने विचारलं, "काका, एकटेच?" मी म्हटलं, नाही, चौघं आहोत, तिघं तिकडून येणार आहेत. बोलून गेलो. हे खोटं होतं की नाही ते तू ठरव.

खोली पार्कच्या आतली न घेता फाटकापासून वीस मिनिटांवरची बघितली, तर एक तृतीयांश खर्च वाचतो. आत पाण्याची बाटली ज्या भावाला विकतात, त्या भावात मी आठवडाभर दूध घेतो. घरचं शिजवलेलं आत नेऊ देत नाहीत, फळं चालतात. म्हणून सफरचंदं धरली आहेत, माणशी रोज दोन. नातीला सफरचंद आवडतं का? नसलं तर मी खाईन, हिशोब बिघडत नाही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्टही काढला. फोटो काढणारा म्हणाला, हसू नका. त्याला म्हटलं, काळजी करू नकोस.

पार्कमधल्या खेळांची माहिती वाचतो आहे. प्रत्येकाच्या मांडीवर वेगळा दांडा येतो आणि तो अडकल्याशिवाय गाडी सुटत नाही. आमच्या लिफ्टच्या दारासारखंच. तरी नातीला आपला नियम शिकव. कडी असो, दार असो, दांडा असो, तीनदा ओढून बघायचं. दोनदा त्या वस्तूसाठी, तिसऱ्यांदा आपल्यासाठी. तू पाच वर्षांची असताना बाथरूमची कडी तीनदा ओढून बघायचीस आणि मग आतच अडकायचीस.

किल्ल्यांच्या जुडग्याला ती लाल वायर अजून आहे. तू ती बोटाला गुंडाळून विचारायचीस, ही कशाला? मी सांगायचो, शोभेला. शोभेला नव्हती. पण ते राहू दे.

उंची तेवढी कळव.

बाबा


९ मे

टिचू,

तुझं पत्र आलं.

शिंपीणबाईसमोरच पेटी उघडली आणि तिथेच पायरीवर बसलो. तिला वाटलं मला भोवळ आली, ती पाणी घेऊन धावली. पत्रात एकच ओळ आहे, हे मी तिला सांगितलं नाही. 'ती १३१ सेंटिमीटर आहे.' ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही, हसशील.

एकशे एकतीस! म्हणजे ती तुझ्यावर गेलीच नाही, तुझ्या आईवर गेली. आईला वरच्या फळीवरचा डबा काढायला कधी स्टूल लागलं नाही. आणि मी इथे एकशे बारा धरून बसलो होतो. चाळीस वर्षं ज्या पट्ट्या लावल्या, त्यांची लांबी चुकायची नाही, म्हणजे फोटोच जुना होता. जावईबापूंना सांग, फोटोच्या मागे तारीख घालत जा. आणि माझीही चूक कबूल. सात वर्षांची पोर एवढी लहान कशी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण ती तुझ्यासारखी असावी असं मला वाटत होतं.

आता हिशोबाचं. तिला पूर्ण तिकीट लागणार, तेही तीन दिवस. विमानाचं भाडंही मधल्या काळात वर गेलंय. तूट आली आणि ती 'आयत्या वेळचं'मधून भरायला मन घेत नाही, तुझी आई स्वप्नात येऊन रागावेल. मग सोपा मार्ग दिसला. माझं तिकीट काढायचं नाही. मी बाहेर बाकावर बसेन आणि बॅगा सांभाळेन. ती जागा आपल्या घरात तीस वर्षं रिकामीच आहे. तुम्ही बाहेर आलात की मला सगळं सांगायचं. नवीन पान सोबत जोडलंय.

बाबा


११ मे

टिचू,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी आल्यावर माझीच मला लाज वाटली. सफरचंदांपासून बाकापर्यंत सगळं लिहिलं आणि मुख्य गोष्ट गिळली.

तुझ्या पत्रात त्या एका ओळीखाली आणखी एक ओळ होती, पेनाने दाट खोडलेली. खोडलेलं वाचू नये. मी खिडकीच्या काचेवर कागद धरून वाचलं. 'जानेवारीत पैसे कुठे गेले होते?'

पहिल्या पत्रात मी पुन्हा 'आईच्या आजारपणात राहून गेलं' असं लिहिलं. सवयीने लिहिलं. ते खोटं आहे. आईचं ऑपरेशन मे महिन्यातलं आणि त्याचा सगळा खर्च माझ्या कंपनीने केला होता. सहलीचे पैसे मी जानेवारीतच काढले होते. पासबुकात तू बघितलंस ते बरोबर होतं.

ते असं झालं. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, ही सोय प्रत्येक लिफ्टला असते. तपासणी करताना ती सोय आम्ही वायरच्या एका तुकड्याने तात्पुरती बाजूला ठेवतो आणि काम झालं की वायर काढून घेतो. त्या दिवशी कचेऱ्यांच्या एका इमारतीत मी वायर काढायची विसरलो. घाईत होतो. तुझ्या पासपोर्टचे फोटो काढायचे होते, दुकान बंद होईल म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाव्या मजल्यावर सफाईवाली बाई बादली बाहेर ओढत असताना उघड्या दाराने लिफ्ट खाली निघाली. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला.

निरोप आल्यावर सगळ्यांत आधी मी पोचलो. तिला बाहेर काढलं. आणि कुणी यायच्या आत वायर काढून खिशात घातली. वायर विसरलो ही चूक होती. खिशात घातली ती चूक नव्हती, ते मी समजून उमजून केलं. चौकशीत दार जुनं झालं होतं असं लिहिलं गेलं आणि त्याखाली मी सही केली.

मग पैसे काढले आणि तिच्या पायाला लावले, सगळेच्या सगळे. तिला वाटलं, केवढा भला माणूस. बरी झाल्यावर ती लंगडत आपल्या घरी आली, माझे आभार मानायला. मी कामावर होतो. दार आईने उघडलं. त्या संध्याकाळी आईने मला समोर बसवलं आणि मी तिला सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरीला सांगू या की पैसे माझ्या ऑपरेशनला लागणार आहेत. ती माझ्यावर रागावेल, रागावू दे. माझ्यावरचा तिचा राग आठवडाभर टिकत नाही. पण तुम्ही हात लावलेल्या लिफ्टमध्ये ती डोळे मिटून चढते, ते मोडायला नको."

मी हो म्हटलं. आईने मोठेपणा केला आणि मी तो घेतला. तू तिच्या खाटेपाशी उभी राहून म्हणालीस, तू आजारी पडलीस म्हणून माझं सगळं गेलं. मी दारात उभा होतो, टिचू. आईने माझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला बोलावं लागलं असतं. तुझा राग आठवडाभर नाही, वर्षभर टिकला. आणि पुढे तू मोठी झाल्यावर त्या वाक्यासाठी स्वतःला किती खात राहिलीस, तेही मी बघितलं. तेव्हाही गप्प बसलो.

आई गेल्यावर तू पासबुक धरून विचारलंस, दुसऱ्या कुणा बाईला दिलेत का? एका परीने ते खरंच होतं. मी मान खाली घातली आणि तू समजायचं ते समजलीस. बायकोला फसवणारा माणूस म्हणून तुझ्या नजरेतून उतरलेलं मला चाललं. कुणाचा पाय मोडून वायर खिशात घालणारा माणूस, हे चाललं नसतं. लाल वायर तीच आहे. जुडग्याला बांधली, म्हणजे पुन्हा कुठे विसरायची नाही.

आता तू बोलावलं नाहीस तरी मला कारण कळेल. उंची कळवलीस, तेवढं पुष्कळ झालं.

बाबा


२८ जुलै

बाबा,

तुमचं पत्र आल्यापासून मी सहा पत्रं लिहून फाडली. हे सातवं.

पहिल्या दोनांत मी तुमच्यावर ओरडले आहे. तिसऱ्यात आईवर. तिने कुणाला विचारून ठरवलं की मला कोणता राग झेपेल? मी आठ वर्षांची होते, पण तुमची मुलगी होते. माणूस वायर विसरतो, हे मला कळलं असतं. आजारी आईला मी ते वाक्य बोलले, हे मला तीस वर्षं खात राहिलं, आणि ती गेल्यावर वाटलं की ती ते मनात ठेवून गेली. ती मनात ठेवून गेली नव्हती, तिनेच ते माझ्याकडून वदवून घेतलं होतं, हे आता कळून मी हसू की रडू? दोन्ही झालं. भिंगरीने विचारलं, आई, दात दुखतोय का?

माफ केलं असं लिहिणार होते. अजून ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही.

एक अट आहे. त्या बाई हयात असतील तर आधी त्यांना सांगा. मला सांगून तुमचं ओझं हलकं झालं असेल, पण पाय माझा मोडला नव्हता. त्यांना सांगा, मग विमानाचं तिकीट काढा.

आता तुमचा हिशोब. बाकाचं पान परत पाठवते आहे. त्यावर मी रेघ मारली आहे. आई बाहेर बसेल असं मी लिहिलं होतं, ते ती गेल्यापासून मला रोज टोचतं, आणि तुम्ही तेच पुन्हा मांडून पाठवता? बाकावर बसायला आमच्याकडे हक्काचा माणूस आहे. भिंगरीच्या बाबांना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गरगरतं. त्यांचं तिकीट कमी करा, तुमचं धरा. तूट भरून निघते, मी दोनदा मोजलंय.

आणि तो फोटो त्यांनी पाठवला नव्हता. मी पाठवला होता. भिंगरी पाच वर्षांची असताना काढला, त्याच दिवशी पाकिटात घातला, पत्ता छापून चिकटवला. टपालात टाकायला मला दोन वर्षं लागली. म्हणून तुमची उंची चुकली.

सफरचंद ती खाते. साल काढून.

टिचू


१६ ऑगस्ट

टिचू,

त्या बाईंना भेटून आलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकाकडे राहतात. दार त्यांनीच उघडलं, हातात काठी. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

बसलो, पाणी प्यायलो, आणि किल्ल्यांचं जुडगं काढून टेबलावर ठेवलं. वायर दाखवून म्हटलं, दार जुनं नव्हतं. हिच्यामुळे झालं, आणि ही माझी. पुढचं बोलायची तयारी करून गेलो होतो, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"मला माहीत आहे. मी तिथेच पडले होते ना? तुम्ही ती खिशात घालताना बघितली मी."

मग इतकी वर्षं बोलला कशा नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बोलले असते तर तुमची नोकरी गेली असती आणि मग माझ्या पायाचे पैसे कुणी दिले असते? आभार मानायला म्हणून आले होते ते तुमचं घर बघायला, की या माणसाकडे आणखी किती निघतील. तुमच्या बायकोने दार उघडलं आणि मागे लहान पोर अभ्यास करत होती. मग मागितले नाहीत.

मी रडलो. त्या नाही रडल्या. निघताना म्हणाल्या, यायला फार वर्षं लावलीत. माफ केलं असं त्याही म्हणाल्या नाहीत. तुम्हा दोघींचं जमेल.

त्यांना खाली उतरवणारी त्यांच्या इमारतीतली लिफ्ट झटके देते. या महिन्यापासून ती मी बघतो आहे. याचा हिशोब कुठल्याच वहीत धरलेला नाही.

विमानाचं तिकीट आज काढलं. साल काढायची सुरी विमानात नेऊ देत नाहीत, ती तू आण.

बाबा


२३ ऑक्टोबर

टिचू,

तीन दिवस तुम्हा सगळ्यांबरोबर होतो आणि तोंडाने बोलायचं ते बोललोच नाही. म्हणून पुन्हा पत्र.

भिंगरी फाटकापाशी पहिलं काय बघेल याचा मी विमानात खूप विचार केला होता. तिने माझ्या चष्म्याकडे बघितलं, दोऱ्याला बोट लावलं आणि विचारलं, "ही मी मोडली?" म्हणजे तू तिला सांगितलं होतंस. आठ महिन्यांच्या पोरीने काडी मोडली, हे तू सात वर्षं लक्षात ठेवलंस आणि तिला सांगितलंस. ते मी तिथे उभ्याउभ्या मोजत होतो आणि तू मला विचारत होतीस की प्रवासात त्रास झाला का. मी म्हटलं, नाही.

उंचीच्या पट्टीपाशी ती बूट काढून उभी राहिली, टाचा टेकवून. तिथल्या माणसाला कळेना की ही बूट का काढते. मला कळलं.

मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत मी त्या माणसाला ब्रेक किती दिवसांनी तपासता असं विचारलं, तेव्हा तू माझी बाही ओढलीस. माफ कर, राहवलं नाही. मग आपण बसलो. भिंगरी तुझ्या उजवीकडे, मी डावीकडे. तू तिचा दांडा ओढून बघितलास. एकदा, दोनदा, थांबून तिसऱ्यांदा. माझा नाही बघितलास. मला वाईट वाटलं. पण मनाशी म्हटलं, बरोबर आहे, तेवढं अजून व्हायचं आहे. तिने बोलावलं, शेजारी बसवलं, आणखी किती मागशील? मग गाडी वर चढली आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. पुढचं मला काहीच माहीत नाही. चाळीस वर्षं माणसांना वर-खाली नेलं, पण असं कुणाला नेलं नव्हतं.

बाहेर पडताना तो फोटोवाला होता. गाडी खाली कोसळते त्या क्षणाचा फोटो यंत्र आपोआप काढतं आणि मग हे लोक तो सोन्याच्या भावाने विकतात. तू म्हणालीस, लुटतात बाबा, नको. मी घेतला. 'आयत्या वेळचं' त्या एका कागदावर संपलं. आई असती तर म्हणाली असती, त्यासाठीच होतं.

विमानतळावर तू फक्त म्हणालीस, "पोचल्यावर कळवा." तुझी गाडी वळेपर्यंत मी काचेपाशी उभा होतो.

काल सामान लावताना फोटो नीट बघितला. भिंगरीचं तोंड एवढं उघडं आहे की पडलेल्या दोन्ही दातांच्या जागा दिसतात. माझे डोळे मिटलेले, चष्मा शर्टाच्या खिशात, केस उभे. तुझे डोळे मात्र उघडे आहेत आणि तू समोर बघत नाहीस. तुझा उजवा हात भिंगरीच्या दांड्यावर आहे. डावा माझ्या दांड्यावर आहे, मूठ आवळलेली. इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी दिसतात. तुझ्या स्वतःच्या दांड्याला कुणीच धरलेलं नाही.

फोटोवरून मोजताना मी एकदा फसलो आहे, म्हणून भिंग घेतलं, खिडकीपाशी गेलो, पुन्हा पुन्हा बघितलं. शिंपीणबाईलाही दाखवलं. ती म्हणाली, हात तिचाच आहे.

पुढच्या वेळी आपलाही दांडा धरत जा.

पोचल्यावर कळवा म्हणाली होतीस. पोचलो.

बाबा